त्या हिवाळ्यातलं एकच हरीण

२०२०च्या शेवटी माझ्या वजनावर तीन माणसांची नजर होती. पुण्यातल्या माझ्या कोचला ते अडुसष्टच्या खाली हवं होतं, कारण पुढच्या उन्हाळ्यात मी मोठी ट्रायथलॉन करणार होतो: जवळजवळ चार किलोमीटर पोहणं, एकशे ऐंशी किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. बायकोला ते आहे तिथेच थांबायला हवं होतं, कारण माझी बसलेली गालफडं बघून आई व्हिडिओ कॉलवर तिलाच बोलायची. आणि शेजारच्या आजोबांना ते वाढायला हवं होतं. "तुझ्या अंगावर आहे काय?" कुंपणापलीकडून ते माझ्याकडे आपादमस्तक बघत म्हणायचे. "तू हरणाला नाही, हरीणच तुला उचलून खाली आणेल."

आम्ही आयर्लंडमध्ये, पोर्टलीश गावाच्या बाहेर, स्लीव्ह ब्लूमच्या डोंगरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहत होतो. मार्चमध्ये डब्लिनमधलं माझं ऑफिस बंद झालं, ट्रेनने जाणं-येणं थांबलं आणि हातात रोजचे तीन तास उरले. शहाण्या माणसाने ते झोपेत घालवले असते. मी घरातल्या घरात सायकल मारायचा ट्रेनर मागवला, पुण्यातल्या ट्रायथलॉनवाल्यांच्या ग्रुपमध्ये शिरलो आणि चाळिशीच्या आयटीवाल्याला जे खूळ लागतं ते लावून घेतलं.

आजोबा सत्तरीच्या पुढचे, एकटे. पहिल्या लॉकडाउनमध्ये आम्ही घाबरून दारं लावून बसलो होतो, तेव्हा दर गुरुवारी आमच्या फाटकाशी मातीसकट बटाट्यांची पिशवी ठेवून, बेल न वाजवता निघून जाणारा माणूस तो हाच. वयाच्या चौदाव्या वर्षापासून दर हिवाळ्यात ते डोंगरावरून एक हरीण आणत आणि सगळ्या रस्त्याला मांस वाटत. मागच्या हिवाळ्यात त्यांची बायको गेली आणि ते वर्ष चुकलं. मग उन्हाळ्यात हृदयात दोन स्टेंट बसले. शॅननला कारखान्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने निक्षून सांगितलं: हा हिवाळा शेवटचा, नवीन वर्ष लागायच्या आत बंदूक पोलिसांकडे जमा करायची, आणि तोवरही एकट्याने डोंगरावर जायचं नाही.

त्यांचे दोस्त सगळे त्यांच्याच वयाचे, घराबाहेर न पडणारे. म्हणून एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं. "मला फक्त एकच हवंय," ते म्हणाले. "मग बंदूक देऊन टाकतो. मारायचं काम माझं. खाली आणायला पाय मात्र तुझे लागतील." त्या माणसाने आमच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी लगेच हो म्हणालो.

आमच्या घरात मांस शिजत नाही. बायकोने जरा विचार केला. "तू मारणार नाहीस ना?"

"छे. मी फक्त हमाल."

"मग जा. पण ते घरात आणायचं नाही आणि आईंना यातलं अक्षर सांगायचं नाही."

"बाबा, सो यू आर बेसिकली द डाँकी," मुलगी म्हणाली. मराठी तिला सगळं समजतं, फक्त उत्तर इंग्रजीत येतं.

सप्टेंबरपासून माझे पाय दोन डगरींवर पडले. कोच म्हणे हलका हो, आजोबा म्हणत जड हो. आठवडाभर मी कोचचा तक्ता पाळायचो: पहाटे ट्रेनरवर घाम, दुपारच्या मीटिंगआधी पळणं, स्विमिंग पूल बंद म्हणून तलावातल्या बर्फगार पाण्यात हुडहुडी भरेपर्यंत पोहणं. संध्याकाळी सॅकमध्ये दहा किलो तांदूळ आणि तूरडाळीच्या चार पिशव्या भरून रस्त्याच्या चढावर फेऱ्या. "फिरवून आणलीस का डाळ? लवकर शिजेल आता," बायको म्हणायची. शनिवार मात्र आजोबांचा. कोचच्या तक्त्यात शनिवारी चार तास सायकल असायची. मी तिथे 'लाँग वॉक' लिहायचो आणि घड्याळाची नोंद नाही म्हणून व्यायामाचं ॲप तो चौकोन लाल करून ठेवायचं. मला शाळेपासून लाल शाईची भीती आहे.

डोंगरावर कळलं की माझा सगळा स्टॅमिना पळण्याचा होता, थांबण्याचा नव्हताच. चढावर मी पुढे जायचो, तर आजोबा मागून कॉलर धरायचे. शंभर पावलं चालायची, मग पंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं. वाळक्या काडीवर पाय पडता कामा नये, नाक ओढायचं नाही. माझ्या अंगावर चरबी नसल्याने दहाव्या मिनिटाला माझे दात वाजायला लागायचे. ते मात्र एखाद्या खांबासारखे उभे. त्यांचा नियम एकच होता: फोन आणि घड्याळ गाडीत ठेवायचं. "इथे वेळ आपला नसतो," ते म्हणायचे. मला ते आवडायचं, आणि लाल चौकोन आठवून जीवही खालीवर व्हायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा लॉकडाउन आला आणि घरापासून पाच किलोमीटरची मर्यादा लागली. आमचा डोंगर त्याच्या बाहेर होता. सहा आठवडे आजोबा खिडकीतून तो डोंगर बघत राहिले. डिसेंबरमध्ये निर्बंध सैल झाले, तेव्हा हातात तीन शनिवार उरले होते. पहिल्या शनिवारी धुकं, हाताचा पंजा दिसेना. दुसऱ्या शनिवारी नुसतेच खुरांचे ठसे, आणि उतरताना आजोबा तीनदा बसले. त्या आठवड्यात कोचचा मेसेज आला, ग्रुपवर, सगळ्यांसमोर: "साहेब, शनिवारचं काय? रेस करायची आहे की फिरायचं आहे?" खाली हसरे चेहरे पडले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

म्हणून तिसऱ्या शनिवारी मी फोन गाडीत ठेवला आणि घड्याळ बाहीच्या आत सारलं. आजोबांनी विचारलं नाही, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता. मला एवढंच हवं होतं की आजची चाल नोंदली जावी, चौकोन हिरवा व्हावा. आवाज मी बंद केले होते. निदान तशी माझी समजूत होती.

अकराच्या सुमाराला, तोडलेल्या सूचीपर्णी झाडांच्या मोकळ्या उतारावर ती दिसली. एक मोठी मादी, एकटीच, मान खाली घालून चरत होती. आजोबा इतके हळू खाली बसले की मला ते बसताहेत हे कळलंसुद्धा नाही. त्यांनी बरोबरच्या दोन काठ्या रोवून त्यांवर बंदूक टेकवली. त्यांचा श्वास घरघरत होता, तो शांत व्हायची ते वाट बघत राहिले. मी त्यांच्या मागे उभा होतो. त्यांची मान मला दिसत होती आणि ती थरथरत नव्हती. मला मनापासून वाटलं, आता मिळणार यांना.

आणि माझ्या बाहीत घड्याळ वाजलं. लांब सायकलिंग करताना तीन तास झाले की काहीतरी खायची आठवण करून देणारा गजर, मीच कधीतरी लावलेला. टीं-टीं-टीं, तीन वेळा. मादीने मान वर केली, थेट आमच्याकडे बघितलं आणि दोन उड्यांत झाडीत नाहीशी झाली.

आजोबांनी बंदूक खाली घेतली. त्यातली गोळी काढून खिशात टाकली. मग वळून माझ्या बाहीकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे नाही. "ग्रँड," ते म्हणाले, म्हणजे इकडच्या बोलीत 'ठीक आहे'. "चल, चहा घेऊ." मी सॉरी म्हणालो, दोनदा म्हणालो. त्यांनी थर्मासचं झाकण माझ्या हातात दिलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. उतरताना त्यांना माझ्या घड्याळ असलेल्याच हाताचा आधार लागला, आणि सगळी वाट मी त्याच हाताची लाज वाटून घेत चाललो. घरी येऊन बघितलं तर चौकोन हिरवा झाला होता.

नाताळानंतर पुन्हा सगळं बंद झालं. मुलाला दिलेल्या शब्दाप्रमाणे आजोबांनी बंदूक जमा केली. जानेवारीत एका सकाळी त्यांच्या दारात ॲम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलमध्ये भेटायला जायची बंदी होती. मी दोनदा फोन केला. पाऊस, बटाटे, मुलीची ऑनलाइन शाळा, असलं सगळं बोललो आणि घड्याळाचं बोलायचं उद्यावर टाकलं. तिसऱ्यांदा फोन केला तो नर्सने उचलला.

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. बाकी सगळा रस्ता आपापल्या फाटकाशी उभा राहिला. माझ्याकडे काळा कोट नव्हता, पळण्याचं काळं जाकीट होतं, तेच घातलं. शवपेटीची गाडी आमच्या घराशी अगदी हळू झाली, बायकोने हात जोडले, मुलगी रडायला लागली. त्यांनी मांस वाटलेली ती सगळी घरं, आणि त्या हिवाळ्यात कुणाच्याच घरी काही पोचलं नाही. माझ्यामुळे.

वसंतात रेस वर्षभर पुढे ढकलल्याची ईमेल आली. तेलही गेलं, तूपही गेलं. मी कोचला कळवून टाकलं की मला जमणार नाही. तो म्हणाला, इतकी मेहनत वाया घालवू नका. वाया काय गेलं होतं ते त्याला कुठून कळणार.

मे महिन्यात जिल्ह्याबाहेर प्रवास सुरू झाला आणि आजोबांचा मुलगा घर आवरायला शॅननहून आला. मी खोकी उचलायला गेलो. बापासारखाच मितभाषी माणूस. निघताना गाडीला टेकून तो म्हणाला, "तुझे आभार मानायचे होते. डॅड हॉस्पिटलमधून रोज त्या शेवटच्या शनिवारबद्दल बोलायचे."

मी हातातलं शेवटचं खोकं डिकीत ठेवलं.

"म्हणाले, अगदी समोर होती. पण ऐन वेळी वारा फिरला, तिला वास गेला. कुणाचाच दोष नाही." त्याने गाडीचं दार उघडलं. "मी तर म्हटलं, शेजारचा नवखा माणूस बरोबर होता, त्यानेच काहीतरी हालचाल केली असणार. तर चिडले माझ्यावर. म्हणाले, इतक्या वर्षांत इतका शांत उभा राहणारा माणूस माझ्याबरोबर आला नव्हता. खरंच वारा फिरला का?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. शब्द अगदी ओठावर आले होते.

"हो," मी म्हणालो. "वारा फिरला."

त्याने माझा हात हातात घेऊन दाबला आणि तो गाडीत बसला. मी रस्त्यावर तसाच उभा राहिलो. मरणाच्या दारातून त्या माणसाने माझ्यासाठी स्वतःच्या मुलाशी खोटं बोलून ठेवलं होतं, आणि ते खोटं पाडण्याइतकी हिंमत माझ्यात नव्हती.