झेरॉक्सवाल्या अक्का

रामनगरच्या बसस्टँडजवळ अक्कांचं झेरॉक्सचं दुकान आहे. शाळेचे कागद घेऊन मी तिथं नेहमी जातो. कुणाचाही फॉर्म अक्का आधी पेन्सिलनं भरतात, मोठ्यानं वाचून दाखवतात आणि "बरोबर हाय न्हवं?" असं विचारून मगच पेन हातात घेतात. घाईच्या माणसाचा जीव जातो, पण अक्का बदलत नाहीत.

एकदा अणशी गावची एक म्हातारी आली. मस्कतला बांधकामावर गेलेल्या तिच्या मुलाचा तीन आठवडे पत्ता नव्हता. अक्कांनी तिथल्या भारतीय दूतावासाला फोन लावला. अधिकारी हिंदीत म्हणाले, "तुम्हीच थोडक्यात सांगा."

"आई इथंच बसली आहे," अक्का हिंदीतच म्हणाल्या. "ती सांगेल, मी फक्त हिंदी करते."

म्हातारी रडत सांगत होती आणि अक्का एकेक वाक्य हिंदीत करत होत्या. "दुखलं तरी त्यो सांगायचा न्हाई, तुमीच इचारा त्येला," हेसुद्धा त्यांनी सांगितलं.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "एवढं सगळं कशाला?"

"तिचं बोलणं हाय, सर. त्यातलं गाळणारी मी कोण?"

चौथ्या दिवशी मी दुकानात असतानाच दूतावासाचा फोन आला. मुलगा पाय मोडून इस्पितळात होता, पण बरा होता. त्याला घरी पाठवायची तयारी चालली होती.

अणशीत काही केल्या फोन लागेना. अक्कांनी माझे कागद अर्धवटच परत दिले आणि शटर ओढलं. मला एरवी राग आला असता. मी त्यांची पिशवी उचलली आणि त्यांना अणशीच्या बसपर्यंत सोडायला गेलो.