लाल अक्षरांची पाटी

तासगावकडच्या रस्त्याने कधी गेलात, तर एखाद्या जुन्या पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘मोरेश्वर पेंटर’ दिसेल. दुकानाचं नाव उडालं असेल, पेंटरचं शाबूत असेल. स्वतःच्या नावाला चांगला रंग वापरायचा, एवढा धंदा मोरेश्वरांना कळत होता.

तेच मोरेश्वर आता अमेरिकेत, बेलव्ह्यूला लेकीकडे, नीलांबरीकडे राहत होते. तिथे पाऊस पडत नाही, झिरपतो. लेक-जावई कामावर, नात रुही शाळेत. दिवसभर बोलायला घरात एक भांडी घासायचं यंत्र. मग बागेतल्या बाकावर चोसाहेब भेटले. ऐंशीला टेकलेले कोरियन गृहस्थ, तेही मुलाकडे राहायला आलेले. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून जमलं. साऱ्या अमेरिकेत मोरेश्वरांची वाट बघणारं माणूस हे एवढंच.

एकदा चोसाहेबांनी ओल्या मातीत काडीने चौकोन काढला. म्हणाले, “हा म. मिटलेलं तोंड.” मग एक काटकोन काढला. “हा न. जीभ बघा, टोक वर टेकतं.” आणि भर बागेत त्यांनी तोंड उघडून जीभ दाखवली. मोरेश्वरांनीही उघडलं. कुत्रं फिरवणारी एक बाई रस्ता बदलून गेली.

मोरेश्वर चाट पडले. जन्मभर अक्षरं रंगवली, पण अक्षर म्हणजे तोंडातल्या जिभेचं चित्र, हे कधी ऐकलं नव्हतं. पावणेसहाशे वर्षांमागे तिथल्या एका राजाने साध्या माणसांसाठी ही लिपी करवली म्हणे. व्यंजनाला स्वर चिकटतो, खाली आणखी एक व्यंजन बसतं आणि सगळं मिळून एका चौकोनात मावतं. वाक्यात क्रियापद शेवटी, आपल्यासारखं. समोर थोरला असला की त्या क्रियापदाने कमरेत वाकायचं, तेही आपल्यासारखंच.

“शहाण्याला ही एका सकाळीत येते,” चोसाहेब म्हणाले. “बावळटालाही दहा दिवसांत.”

दहा दिवस उलटून गेले, तेव्हा मोरेश्वरांनी ठरवलं की ही म्हण पावसाळी गावाला लागू नसावी. अखेर अक्षरं बसली. मग काय विचारता. कोरियन दुकानात नेलं की ते प्रत्येक पुडा मोठ्याने वाचत.

“अर्थ काय त्याचा, बाबा?” नीलांबरी विचारी.

“अर्थ दुकानदार बघेल. मी पेंटर आहे.”

या तोऱ्यातच त्यांनी चोसाहेबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला कोरियन अक्षरांत त्यांच्या नावाची पाटी रंगवली. शुभकार्य म्हणून कुंकवासारखा लालभडक रंग, आणि कोपऱ्यात अर्थातच पेंटरचं नाव.

चोसाहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली. बघितली. चेहरा उतरला. हळूच आभार मानून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी बाक रिकामा. त्यानंतरही रिकामाच.

रुहीने ऐकलं तेव्हा डोक्याला हात लावला. तिच्या वर्गात कोरियन मुली होत्या. “आजोबा, रेडमध्ये लिहिलं? दॅट्स फॉर डेड पीपल. जिवंत माणसाचं नाव रेडमध्ये नाही लिहीत ते.”

मोरेश्वरांना रिकाम्या बाकाचा अर्थ कळला. ऐंशीव्या वाढदिवसाला आपण माणसाच्या हातात त्याचं मरण दिलं, तेही सुबक वळणात. जन्मात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, कोपऱ्यात आपलं नाव नसतं तर बरं झालं असतं.

रंगाच्या डब्या आणि ब्रश पिशवीत घालून ते भिजत चोसाहेबांच्या दारात गेले. दार चोसाहेबांनीच उघडलं. चपलांच्या कपाटामागे पाटी होती, तोंड भिंतीकडे करून. टाकलेली नव्हती.

“आमच्याकडे लाल म्हणजे देवाचा रंग,” मोरेश्वर सांगू लागले. पण कुंकू इंग्रजीत कसं न्यायचं ते सुचेना. मग त्यांनी खाली बसकण मारली, पाटी मांडीवर घेतली, लाल डबी उघडली आणि चोसाहेबांच्या नावाखाली त्याच लिपीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत आपलं नाव काढलं.

चोसाहेबांनी वाकून वाचलं. “हे कशाला?”

“एकटे कुठे जाता? सोबत निघू.”

 चोसाहेबांचे खांदे हलायला लागले, आणि हसू आवरेना तेव्हा त्यांनी भिंतीचा आधार घेतला. “मूर्ख आहात,” ते म्हणाले. “अक्षरही तिरकं आलंय. काळा आणलाय का?”

आणला होता. दोन्ही नावं काळी होईपर्यंत चहा झाला. पाटी उजेडात धरून मोरेश्वरांनी मान हलवली.

“लाल चिवट असतो, चोसाहेब. एका हातात झाकला जात नाही. उद्या दुसरा हात द्यायला यावं लागणार.”

पाटी चांगली काळीकुळकुळीत दिसत होती. चोसाहेबांनी ती निरखून बघितली, आणि तेही म्हणाले, “हो, लाल दिसतोय अजून.”