जिजीची चौथी खूण

या संकेतस्थळावरचे असले चमत्कारिक अनुभव मी बरीच वर्षं वाचतो. खरं सांगायचं तर निम्म्या अनुभवांखाली ‘आधी वायरमनला बोलवा’ एवढंच लिहावंसं वाटतं. आपोआप लागणारे दिवे, मध्येच बोलायला लागलेले रेडिओ... यातलं बरंचसं अर्थिंग नीट केलं की थांबतं. मंचरमध्ये मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आमच्या गल्लीतल्या एका बाईंच्या अंगात येणाऱ्या देवीनं शेजारच्या फ्रिजला शाप असल्याचं सांगितलं होतं. तो शाप मी टेस्टर लावून पाच मिनिटांत काढला. देवी त्यानंतर माझ्याशी बोलली नाही.

तेव्हा पुढचं लिहिताना मला काही आनंद होत नाही, हे आधीच सांगतो.

मोबाइल नुकते पुढाऱ्यांच्या खिशात आले होते, ते दिवस. दोन हजार एक-दोनचा सुमार. माझी चुलती, जिला सगळे जिजी म्हणत, निरगुडसरला थोरल्या चुलतभावाकडे, दत्तूभाऊकडे असायची. माझी आई लवकर गेल्यामुळे चौथी ते दहावी मी जिजीच्याच हाताखाली वाढलो. घरातला बंद पडलेला रेडिओ तिनंच माझ्यापुढे टाकला होता. “फोड. नायतरी मेलाच हाय त्यो,” म्हणाली. चुलीत तापवलेल्या छत्रीच्या काडीनं मी त्यातला पहिला सांधा सुटा केला. पुढे नोकरी लागली, खरी इस्त्री... म्हणजे सोल्डरिंगची... आली. महिन्यातून एकदा यष्टीनं पुण्याला जाऊन तपकीर गल्लीतून ट्रान्झिस्टर, रेझिस्टर पुड्या बांधून आणायचा नाद लागला. बायको त्याला माझं किराणा सामान म्हणायची. पण सुरुवात जिजीची.

त्या वर्षी जिजीला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या बाजूतही जोर उरला नव्हता; त्या हाताची तर्जनी तेवढी हलायची, तीही जेमतेम. तिला हाक मारता येईना आणि दत्तूभाऊ, वहिनी दिवसभर रानात नाहीतर गोठ्यात.

मी तिच्यासाठी घंटी केली. एका लाकडी फळीवर दोन पितळी टाचण्या शेजारी शेजारी ठोकल्या. बोट दोन्हींना नुसतं टेकलं की कातडीतून जो नगण्य करंट जातो, तो दोन ट्रान्झिस्टर मोठा करतात आणि बजर वाजतो. जोर लावायला नको. सगळं सर्किट साबणाच्या डबीत, नऊ व्होल्टची बॅटरी, लांब वायर आणि बजर बाहेरच्या ओट्यावर. कुठल्याही हौशी माणसाचा आठवड्याचा उद्योग. पण मी लई... बघा, त्या घराचं नाव निघालं की भाषाही तिकडे जाते... मी फार खूश होतो.

घंटीसोबत मी सुवाच्य अक्षरात कार्डही केलं. एक: पाणी. दोन: कूस बदला. तीन: बाहेरचं, म्हणजे शौचाचं भांडं. ते भिंतीला लावून मी सगळ्यांपुढे छोटंसं भाषणही दिलं.

दत्तूभाऊ म्हणाला, “सुऱ्या, तारऑफिस काढलंस की रं घरात!”

जिजी दोन दिवसांत शिकली. सावकाश, मध्ये थांबून, नेमकं वाजवायची. पुढचे तीन आठवडे सगळं छान चाललं.

मग वहिनींचा निरोप आला, यंत्र बिघडलंय. मी रविवारी गेलो.

“भावजी, आता चार वाजवत्यात,” वहिनी म्हणाल्या. “भरभर. टिक-टिक-टिक-टिक. दिवसातनं धा येळा.”

“चारला काही ठेवलेलंच नाही.”

“मला काय म्हायती? त्यास्नी इचारा.”

विचारलं. चहा? जिजीनं डोळे मिटले, ती तिची नाही म्हणायची खूण. सुमनला, म्हणजे तिच्या लेकीला, बोलावू? डोळे मिटले. खिडकी? देव? रेडिओ? डॉक्टर? म्हैस? दत्तूभाऊनं तर “दादांची आठवण येती व्हय?” असं आपल्या वारलेल्या वडिलांबद्दलही विचारून पाहिलं. डोळे मिटले. मग डोळे उघडून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बोट टेकवलं. टिक-टिक-टिक-टिक.

मी सर्किट उघडून बसलो. माणसाकडून उत्तर मिळेना तर यंत्राला विचारायचं, ही माझी जुनी खोड. निदान पटकन झालं: बोट थरथरतंय, म्हणून एका स्पर्शाचे चार होतायत. असं होतं, पुस्तकात आहे. उपायही पुस्तकात आहे. मी एक कपॅसिटर टाकला. त्यामुळे बोट उचललं तरी बजर सेकंदभर वाजत राहायचा. सावकाश दिलेल्या दोन-तीन खुणा वेगळ्या कळायच्या, पण भरभर दिलेल्या मिसळून एकच लांब आवाज व्हायचा.

“झालं,” मी म्हणालो. “आता चार वाजणार नाहीत.”

आणि खरंच वाजले नाहीत. ओट्यावर एक लांब ‘टीऽऽऽ’ यायचा. एक म्हणजे पाणी. वहिनी चमच्यानं पाणी पाजायच्या. जिजी ओठ घट्ट मिटून घ्यायची. पाणी गळ्यावरून उशीवर जायचं. हे मला नंतर कळलं. आठव्या दिवशी जिजी गेली.

सावडायच्या दिवशी दत्तूभाऊनं वायर गुंडाळून ती डबी, बजर, कार्ड माझ्या हातात दिलं. “घिऊन जा बाबा. बघवत न्हाई.” मी ते खांद्यावरच्या शबनम पिशवीत टाकलं. घरी आल्यावर बॅटरी काढून माझ्या मल्टिमीटरला लावली, कारण त्याची संपली होती. बाकीचं शबनममध्येच राहिलं. हे तपशील मुद्दाम लिहितोय.

दहावा नदीकाठी, सकाळी नऊला. आमच्याकडचे दहावे ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको: मंडप, भोंगा, प्रवचन आणि मग पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या. पिंड ठेवला होता. कावळे समोरच्या बाभळीवर बसले होते, खाली येत नव्हते. भोंग्यावरून एक पुढारी सांगत होते की मातोश्रींच्या जाण्यानं तालुक्याची भरून न येणारी हानी झाली आहे. जिजीनं गेल्या वीस वर्षांत तालुका पाहिला नव्हता आणि तालुक्यानं जिजीला.

पिंडाशी रिवाजाप्रमाणे बोलणं सुरू झालं.

“सुमनचं माहेर तुटू देणार न्हाई,” दत्तूभाऊ हात जोडून म्हणाला. कावळे हलले नाहीत.

“म्हस इकणार न्हाई आमी,” वहिनी म्हणाल्या.

सुमन रडत रडत काहीतरी पुटपुटली. कावळे तसेच.

एक म्हातारे पाहुणे मला म्हणाले, “मास्तर, तुमी बोला की. तुमालाबी वाढवलंय तिनं.”

“माझा विश्वास नाही यावर,” मी म्हणालो.

“तुमचा नसंल. तिचा व्हता ना?”

तेव्हा माझ्या खांद्यावरच्या शबनममधून आवाज आला.

टिक-टिक-टिक-टिक.

पुढाऱ्यांनी बोलता बोलता आपला मोबाइल काढून पाहिला, परत ठेवला. माझा हात पिशवीवर होता. बजर वाजताना थरथरतो, तो मला कापडातून लागला. वहिनी तोंडावर पदर घेऊन माझ्याकडे बघत होत्या. दत्तूभाऊ पिंडापासून उठला, माझ्यासमोर आला आणि त्यानं पिशवीला हात जोडले.

“जिजे, काय पायजे गं? सांग की. काय ऱ्हायलं?”

टिक-टिक-टिक-टिक.

“सुऱ्या, तू केलंयस ना हे? मंग तुला ठावं आसंल. चार म्हंजी काय?”

मी डबी बाहेर काढली. बॅटरीच्या जागी नुसती टोपी लोंबत होती. मी तिथे तीस-चाळीस माणसांसमोर उभा होतो, हातात मी स्वतः जोडलेली सहा पार्टांची वस्तू होती. वचन तरी कसलं देणार? काय हवंय तेच माहीत नव्हतं. मी पिंडापुढे बसलो खरा. “जिजी...” एवढंच म्हणता आलं.

कावळा आला नाही. बारा वाजता दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक जेवायला गेले.

घरी येऊन मी जे करायचं ते सगळं केलं. भोंग्याच्या वायरीतून करंट शिरला असेल म्हणून तसल्याच भोंग्याशेजारी डबी ठेवून पाहिली. मोबाइल जवळ धरून पाहिला. काही नाही. समजा, कुठून तरी वीज मिळालीही असेल, तरी मुख्य अडचण उरतेच. तो कपॅसिटर जागेवर होता. मी काढून मोजला, उत्तम होता. तो असताना या सर्किटमधून भरभर चार वेगळे आवाज निघूच शकत नाहीत. त्यासाठीच मी तो टाकला होता.

त्यानंतर ते कधीही वाजलं नाही. बॅटरी लावून, कपॅसिटर काढून टेबलावर कित्येक महिने ठेवलं होतं, तरीही. कारण मला ठाऊक नाही. खालच्या प्रतिक्रियांत कुणी वायरमनला बोलवा असं लिहिलं, तर मला राग येणार नाही.

एक राहिलं. शबनममधून ते कार्डही निघालं. माझ्या सुवाच्य तीन ओळींखाली वहिनींनी बॉलपेननं, वेड्यावाकड्या अक्षरात ‘४’ लिहून पुढे दोन टिंबं दिली होती. त्या रविवारी ते मी भिंतीवर पाहिलंही होतं. माझं कार्ड खराब केलं, एवढंच तेव्हा मनात आलं. टिंबांपुढची जागा वहिनींनी रिकामी ठेवली होती, कळलं की लिहायचं म्हणून.

ती अजून रिकामी आहे.