पोस्टमनचं दुखणं

डॉक्टर असलेले मामा स्वतःच्याच दवाखान्याच्या पायरीवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले, तेव्हा त्यांचा भाचा नुकताच डॉक्टर झाला होता. सर्जरीच्या जागेवर रुजू व्हायला अजून अवकाश होता. "घरी बसून माश्या मारण्यापेक्षा मामाची खुर्ची सांभाळ," आईने फर्मावलं.

भाच्याच्या अगदी जिवावर आलं. वसतिगृहात त्याला सगळे 'सुरी' म्हणत, इतकं त्याला सर्जरीचं वेड. साध्या डॉक्टरकीची तिथे यथेच्छ टिंगल चाले. "ज्याला कुणी दारात उभं करत नाही, त्याने पाटी लावावी आणि जन्मभर लोकांच्या जिभा बघाव्यात," हे वाक्य तर त्याचंच. त्यामुळे मामांच्या खुर्चीवर बसल्याचं त्याने मित्रांना कळूच दिलं नाही.

दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर गुळगुळीत झालेली लाकडी बाकं, आत हिरव्या पडद्यामागे तपासायचं टेबल. फिनाइलचा तो वास आज म्हातारपणीही कुठे आला, की भाच्याचं मन तिथे जाऊन बसतं. दवाखान्याला लागूनच मामांचं घर; तिथे पलंगावर पडून ते मधल्या भिंतीला कान लावून असत.

दर मंगळवारी एक निवृत्त पोस्टमन येत. इस्त्रीचा शर्ट, चापून पाडलेला भांग, आणि तक्रार एकच: छातीत धडधडतं. भाच्याने त्यांना पुस्तकात दिलंय तसं नखशिखांत तपासलं आणि मोठ्या आनंदाने सांगितलं, "काका, तुम्हाला काहीही झालेलं नाही. उगाच हेलपाटे घालू नका."

पोस्टमनचा चेहरा पडला. "बरं," एवढंच म्हणून ते गेले. पुढच्या मंगळवारी आलेच नाहीत.

"आमचे पोस्टमन कुठे गेले रे?" मामांनी आतून विचारलं.

"त्यांना काही झालेलंच नाही, मामा. मी तसं सांगून टाकलं."

"शाबास! अरे शहाण्या, त्यांची बायको गेली तेव्हापासून मला ते ठाऊक आहे. म्हणून तर येऊ देतो. त्या निमित्ताने माणूस दाढी करून घराबाहेर पडतो. जा, त्यांचं दुखणं त्यांना परत देऊन ये."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं कशाला? या वयाच्या एकट्या माणसाची नाडी अधूनमधून बघायला नको? पुस्तकात नसेल, तर समासात लिहून ठेव."

भाचा गेला. पोस्टमननी मळक्या बनियनवरच दार उघडलं. गालांवर पांढरे खुंट वाढले होते. तोंडी परीक्षेत घडाघडा बोलणाऱ्या भाच्याची जीभ तिथे अडखळली. "काका, मी घाई केली. एका भेटीत असं सांगायला नको होतं. दर आठवड्याला दाखवत चला."

"मी म्हणत नव्हतो?" पोस्टमन एकदम ताठ झाले. "नवखे आहात, होईल सवय. या, बसा." मग कुठल्या घरचा कुत्रा चावला आणि कुठल्या घरी पाणी मिळालं, हे ऐकता ऐकता दुपार कधी टळली ते भाच्याला कळलंच नाही.

पुढे तो सर्जरीला रुजू झाला. हात चांगला आहे, असं वरिष्ठही म्हणत. पण टाके निघाले की माणूस नाहीसा होई. पोट आठवे, चेहरा आठवत नसे. मंगळवार आला की पोस्टमन दवाखान्यात आले असतील का, या विचाराने त्याचा जीव थाऱ्यावर राहत नसे. वर्ष संपायच्या आत तो जागा सोडून आला.

"सुरी बोथट झाली!" मित्र खदखदून हसले. आईने अबोला धरला.

मामा तेव्हा काठी टेकत पुन्हा खुर्चीवर बसू लागले होते. त्यांनी भाच्याला दारातच झापलं. "अक्कल गहाण ठेवलीस का? सोन्यासारखी जागा सोडून सर्दी-पडशात आलास?"

"हो," भाचा म्हणाला.

मामांनी तोंड फिरवून बराच वेळ नाक शिंकरलं. मग काठीचा आधार घेऊन उठले, पडदा सारला आणि बाहेरच्या लोकांना म्हणाले, "आजपासून धाकट्या डॉक्टरांना दाखवायचं."

"आणि तुम्ही काय करणार?" एका आजीबाईंनी विचारलं.

"मी? माझा पाय ठणकतोय. जरा सरका बघू," म्हणत मामा बाकावर टेकले. "तुमच्यानंतर माझा नंबर."