मोरीच्या तोंडाला जाळी

आधीच कबूल करते. जाळीच्या दोन गजांमधून पोराचं डोकं जातं का, हे बघायला मी स्वतःचं घातलं. गेलं. परत येईना. उल्हासनगरच्या ग्रिलच्या दुकानात, भर दुपारी. सोबत आलेल्या, आमच्या शेजारच्या भोईरकाकू खोबरेल आणायला धावल्या. दुकानदार शेठ शांतपणे म्हणाले, "दीदी, ये पीस तो अब आपको ही लेना पड़ेगा."

बदलापूरला आमच्या बिल्डिंगसमोर रस्त्याखालून मोरी जाते. बॉल आत गेला की पोरंही मागोमाग आत. पावसात पाण्याचा लोंढा आला तर पोर कुठे शोधायचं? म्हणून पावसाळ्याआधी जाळी बसवायचीच, असं काकूंनी आणि मी ठरवलं. तेव्हापासून त्या मोरीत गाळ कमी आणि किस्से जास्त साचलेत.

नगरपालिकेत परवानगीला गेलो, तर तिथले साहेब नकाशा उलगडून म्हणाले, "इथे मोरीच नाहीये." काकूंनी त्यांना रिक्षात घालून जागेवर आणलं. साहेब रस्त्यावर उभे राहून पुन्हा नकाशा बघतायत, तेवढ्यात पायाखालून आवाज आला, "ओ अंकल, जरा टॉर्च मारा ना."

साहेब म्हणाले, "नोंद करतो."

जाळी बसेपर्यंत बोर्ड लावू, ही आयडिया माझी. 'मोरीत उतरू नये', लाल अक्षरांत. दुसऱ्या दिवशी पोरांनी त्याचे स्टंप केले. आता कीपरकडून सुटलेला प्रत्येक बॉल सरळ मोरीत. काकू म्हणाल्या, "आधी दिवसाला एखादा जायचा. तुझ्यामुलं पोरांची सोय झाली."

शेवटी काकूंचे जावई आले. अंबरनाथच्या एमआयडीसीत वेल्डर. सुट्टीच्या दिवशी त्यांनी शेठच्या त्याच जाळीत जास्तीचे गज जोडून ती बसवली, गाळ काढायला तिला छोटं दारही ठेवलं. मी गज हलवून बघितले. हूं की चूं नाही. काकूंनी नारळ फोडला, मी दाराला कुलूप ठोकलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि आम्ही चहा टाकायला वर गेलो.

कप भरताना लक्षात आलं, एक माणूस कमी आहे. जावई आतून वेल्डिंग तपासत होते.

किल्ली घेऊन दोघी धावत खाली. मी कुलूप उघडतेय, तोच मागून खाकरल्याचा आवाज. जावई रस्त्यावर उभे. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात तीन बॉल.

"अहो, तुम्ही बाहेर कसे आलात?"

"पोरं येतात तसाच," ते म्हणाले. "पलीकडून."