उजव्या पंखाचे काका

विमान मागे ढकलायच्या आधी त्याच्याभोवती एक फेरी मारायची, हे माझं काम. चाकांना लावलेले ठोकळे निघाले का, सामानाची दारं नीट लागली का, जमिनीवर एखादा स्क्रू किंवा बॅगेचा पट्टा पडलाय का, ते बघायचं. मग विमानाच्या नाकाशी हेडफोनची वायर जोडून कॅप्टनना सांगायचं, सगळं मोकळं आहे. नवरा गेल्यावर धानोरीच्या खोलीत दिवसभर बसवेना, म्हणून मी पुण्याच्या विमानतळावर नोकरीला लागले.

उजव्या पंखाच्या टोकाशी बहुतेक वेळा एकच माणूस असायचा. लोहगावचा, शेतकऱ्याच्या घरातला, माझ्याहून बराच मोठा. सगळे त्यांना काका म्हणत, मीही. विमान सरकताना पंख कशाला लागत नाही ना, हे ते बघत. आमच्या दोघांच्या कानांवर आवाज अडवणारे जाड मफ असत. शेजारून हवाई दलाचं विमान उडालं की तरीही छाती थरथरायची. त्यामुळे बोलणं सगळं हातांनी. अंगठा वर म्हणजे ठीक. डोक्यावर हातांची फुली म्हणजे थांबा. आज त्यांचा गुडघा दुखतोय का, हे मला लांबून त्यांच्या चालण्यावरून कळायचं. आवाज मात्र क्वचितच कानावर पडायचा. ड्यूटी संपली की ते स्कूटर काढून घरी जात आणि मी बसस्टॉपवर.

एका दुपारी ट्रॅक्टरने प्रवाशांनी भरलेलं विमान मागे ढकलायला सुरुवात केली आणि काकांचे हात डोक्यावर गेले. मी लगेच ट्रॅक्टरवाल्याला थांबवलं.

"काय झालं?" कॅप्टननी हेडफोनमधून विचारलं.

"थांबवलंय सर. बघून सांगते."

मला खरंच काही दिसत नव्हतं. मग कळलं, पंखाच्या मागून जेवणाचा एक ट्रक रिव्हर्समध्ये येत होता. काका जागचे हलले नाहीत, हातही खाली घेतले नाहीत. ट्रक त्यांच्या पाठीशी येऊन थांबला. वर विमानाच्या खिडकीत एक बाई मोबाइलवर हसत बोलत होती.

विमान गेल्यावर मी मफ काढून त्यांच्याकडे गेले. "काका, मागं बघा तरी! किती जवळ आला होता तो. हॉर्न ऐकला नाही का?"

"काय?"

मी पुन्हा विचारलं. ते हसले. "पाणी हाय का?"

मी बाटली दिली. वाटलं, कौतुक नको म्हणून विषय बदलताहेत.

पुढच्या वैद्यकीय तपासणीत निघालं, त्यांना फारच कमी ऐकू येतं. त्यांना विमानांजवळच्या कामावरून काढलं. त्यांना ठेवून घ्या म्हणायला मी सुपरवायझरकडे गेले.

"अहो मॅडम, उद्या गाडी अंगावर आली तर त्यांना कळेल का?" तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. तो ट्रक माझ्या डोळ्यांसमोर होता. काकांनी विमानतळाचा पास परत केला त्या दिवशी माझी सुट्टी होती.

काही महिन्यांनी मी बिबवेवाडीला त्यांच्या मुलाच्या फ्लॅटवर गेले; लोहगाव सोडून ते तिकडेच राहायला गेले होते. दार काकूंनी उघडलं. मला पाहून काका उठून उभेच राहिले.

"माझ्या जागी कोण हाय?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"नवा मुलगा आहे, चांगला आहे," मी सांगितलं. त्यांना कळलं नाही. काकूंनी कानाशी जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. हातांनी काही सांगावं, तर आमच्या खुणांमध्ये विमानापलीकडचं काहीच नव्हतं. तुमच्याशिवाय तिथे करमत नाही, याला खूण नाही. काकूंना ते त्यांच्या कानात सांगायला लावणं मला जमलं नाही.

"मशीन आणलंय कानाचं," काकू म्हणाल्या, "पण घालतच न्हाईत. म्हणतात, आता काय ऐकायचं राहिलंय?"

पोहे झाले, चहा झाला. निघताना काकू जिन्यापर्यंत आल्या. "येत जा. ह्यांना बरं वाटतं."

जाते मी, जमेल तेव्हा. मी आले की काका टीव्ही बंद करतात. काकू मुलाबद्दल, सोसायटीच्या पाण्याबद्दल बोलत राहतात, मी हं हं म्हणते, आणि काका आळीपाळीने आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत बसतात.