उजेडाचं फाटक

आमचे मामाजी रेडिओ आधी हुंगत. कोणाचाही सेट समोर आला, की पेचकसाला हात लावण्याआधी ते मागच्या जाळीला नाक लावत, डोळे मिटत आणि निकाल देऊन टाकत. "ट्रान्सफॉर्मर गेला." किंवा, "काही नाही, आत झुरळ भाजलं." मग सेट उघडत. मी त्या घरात नवी सून म्हणून गेले तेव्हा मला वाटलं, झालं, सासरा सटकलेला मिळाला. पण त्यांचं नाक चुकलेलं मी क्वचितच पाहिलं, आणि चुकलंच तर ते सेटवर रागवायचे, नाकावर नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात. त्यांची उमेदीची सगळी वर्षं वीज खात्यात खांबांवर चढण्यात गेली. गुडघे कुरकुरायला लागले तसे खाली उतरले आणि सौंसरच्या बसस्टँडजवळ एक टपरी घेऊन रेडिओ दुरुस्त करत बसले. विहारातला लाउडस्पीकर, मारुतीच्या देवळातला लाउडस्पीकर आणि शाळेची विजेवरची घंटा, तिन्ही त्यांच्याच ताब्यात. एखाद्या वस्तूबद्दल कोणी म्हटलं, की हे आता होत नाही, की त्यांच्या अंगात यायचं. "होत नाही अशी चीज मले आणून दाखव," ते म्हणायचे, "मी पाहाले तयार आहो." अशी चीज त्यांना कोणी दाखवली नाही. निदान ते तरी तसंच सांगत.

मी पांढुर्ण्याहून आले ती तीन गोष्टी घेऊन. एक ट्रंक, एक शिलाई मशीन आणि टोपलीत झाकलेलं एक मांजर. मशीन आणि मांजर दोन्ही माझ्या आईची. आई कपडे शिवायची. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी ती गेली, बाबा नोकरीपायी बाहेरगावी, पांढुर्ण्याच्या घराला कुलूप. मग चिंधीला कोणाच्या भरवशावर सोडणार? चिंधी हे नाव आईनंच ठेवलं होतं, कारण ती होतीच तशी, पांढरे, काळे, पिवळे तुकडे जोडून शिवल्यासारखी. आईच्या शेवटच्या आजारात ती आईच्या पायाशी बसून राहिली. मला आईची आठवण आली की मी चिंधीच्या पाठीवर हात ठेवायची. एवढं सरळ होतं ते, पण नव्या घरात हे कोणाला सांगणार?

सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं, "लोकाइच्या सुना भांडे आणतात, आमच्या सुनेनं मांजर आणलं." बाई तोंडाची फटकळ, पण मनानं वाईट नव्हती हे आज मी छातीठोकपणे सांगते. मोहगावच्या रस्त्याला त्यांचं चार एकर शेत होतं, आणि ते खरोखर त्यांचंच होतं. मामाजी खांबावर असताना ते त्यांनीच एकटीनं वाहिलं होतं. दिवाळीच्या पुढेमागे वेचलेला कापूस घरी यायचा आणि मधल्या खोलीत रचला जायचा, पार खिडकीच्या वरपर्यंत. आमचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढे बैठक, मध्ये कापूस, मागे चूल. कापसाच्या खोलीतूनच सगळी ये-जा. दार लावून घ्यायची सोयच नाही, कारण दव लागलेला कापूस कोंडला की आतून तापतो आणि पिवळा पडतो.

आणि चिंधीला तर स्वर्गच सापडला. सकाळी बघावं तर बाईसाहेब ढिगाच्या माथ्यावर, चारी पाय वर करून. एकदा व्यापारी आला, त्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला, नाकाजवळ नेला, मांजराचा वास ओळखला आणि चहा न घेताच निघून गेला. सासूबाईंचा चेहरा मला अजून दिसतो. वर्षभराची मेहनत कोणीतरी नाक मुरडून नाकारली होती. त्या दिवशी त्यांनी खुंटीवरचं रिकामं पोतं काढून दाराशी ठेवलं. "आता पुन्हा ढिगात दिसली ना, तं ह्या पोत्यात घालून रामाकोन्याच्या नदीपार सोडून देईन. सांगून ठेवलं!"

माझा नवरा आईसमोर "हो" आणि माझ्यासमोर "बघू" म्हणणारा माणूस. त्याच्याकडून काही होणार नव्हतं. त्यानं सुतार बोलवायचं सुचवलं, जाळीचं दार बसवू म्हणाला. मामाजी जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"दार तं सुतार बी बसवते. मग मी कायले शिकलो?" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, फिकर नको करू. रेल्वेचं फाटक पाह्यलं ना? ते लागलं का माणूस आपसूक थांबते. तसंच फाटक लावून देतो तुझ्या चिंधीले. उजेडाचं."

"उजेडाचं काय करता, डोंबल!" सासूबाई आतून म्हणाल्या. मामाजींनी घास उचलला.

दुसऱ्या दिवशी ते नागपूरच्या बसनं गेले आणि सीताबर्डीतून मसुरीच्या डाळीएवढी एक चकती घेऊन आले. तिच्यावर उजेड पडला तर ती करंट जाऊ देते, अंधार झाला की अडवते. तिला ते 'डोळा' म्हणायचे. मग त्यांनी माझ्याकडून आईची मापाची टेप मागून घेतली आणि चिंधीला जमिनीवर उभं करून तिची छातीपर्यंतची उंची मोजली. "हिचा ब्लाउज शिवून राहिले का?" सासूबाईंनी विचारलं. बैठकीतून कापसाच्या खोलीत जाणाऱ्या दाराच्या चौकटीत एका बाजूला त्याच उंचीवर जुन्या टॉर्चचं नळकांडं, त्यात बल्ब. समोरच्या बाजूला साबणदाणी, तिच्यात तो डोळा, आणि उन्हानं फसू नये म्हणून पुढे काळ्या कागदाची सुरळी. मध्ये उजेडाची रेघ. कोणी ती तोडली की वर टांगलेली शाळेची जुनी घंटा वाजणार.

वाजली. कशी वाजली म्हणता! चिंधी जी उडाली ती अंगणातून सरळ छपराच्या कवेलूंवर, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली उतरली नाही. मी जेवले नाही. मामाजी शिडी लावून गुडघ्यांना शिव्या देत वर चढले, तिला कुशीत घेऊन उतरले, आणि घंटा काढून तिथे एक लहानसा बझर लावला, बारीक किरकिर करणारा. "माह्यी चूक झाली," ते चिंधीला म्हणाले, मला नाही. "तुले भेववाचं नव्हतं, फक्त सांगाचं होतं."

यानंतर आमच्या घराचे नवे दिवस सुरू झाले. रेघ नडगीच्या उंचीवर, त्यामुळे मधल्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाला पाय उचलून जावं लागायचं. विसरला की किर्रर्र. सासूबाईंच्या लुगड्याचा घोळ तर रोज दहादा सापडायचा. "माह्या घरात मीच चोर!" म्हणत त्या लुगडं सावरून, पाय उंच टाकून जायच्या, आणि मामाजी बैठकीतून हाळी द्यायचे, "पाय उचला, फाटक लागलं आहे!" वीज गेली की बल्ब विझायचा, डोळ्याला वाटायचं कोणीतरी आडवं आलं, आणि बझर सेलवर चालणारा असल्यामुळे तो वाजतच राहायचा. सासूबाई कपाळावर हात मारायच्या. मामाजी खूश. "पाह्य, वीज गेली तरी सांगते!" त्यांच्या डिक्शनरीत बिघाड हा शब्दच नव्हता. गल्लीतली माणसं फाटक बघायला येत, दोनदोनदा पाय उचलून आतबाहेर करत आणि चहा पिऊन जात.

चिंधी दोनदा किर्र ऐकून मागे फिरली. मग ती बैठकीत दारासमोर बसायला लागली, शेपूट पायांभोवती गुंडाळून. ती काय बघत होती हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. ती आम्हालाच बघत होती. दिवसभर घरातली, गल्लीतली माणसं तिच्यासमोर त्या जागी पाय उचलून पलीकडे जात होती. पाचव्या दिवशी तिनंही अंग गोळा केलं, आम्ही जिथून पाय टाकत होतो तिथून छान उडी घेतली, आणि ढिगावर जाऊन झोपली. फाटक मुकं. सासूबाईंना ती संध्याकाळी सापडली.

 त्यांनी पोतं झटकलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "परवा सुट्टी आहे ना तुले? सकाळच्या बसनं रामाकोन्याले जा." तो "हो" म्हणाला. मी चुलीपुढे बसले, आणि भाकरी करपली तरी मला कळलं नाही. आई एकदा गेली होती, ती आता पुन्हा पोत्यातून जाणार, असंच मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी दुकान उघडलं नाही. ते धडधाकट आणि गावात असताना दुकानाला दिवसाउजेडी कुलूप मी तेवढंच एकदा पाहिलं. ते बैठकीत पाटावर बसून राहिले, चिंधीपासून दोन हातांवर. ती झोपली की हेही डुलकी घेत, ती उठली की हे उठून तिच्यामागे. सासूबाई म्हणाल्या, "आता माणूस बी मांजरामागं लागला." दुपार टळली तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"बाई, तुझी माय हिले कुठं झोपवे?"

मी म्हटलं, "मशीनच्या खाली. संत्र्याच्या पेटीत. कपडे बेतून उरलेल्या चिंध्या भरून ठेवायची त्यात." आणि मला रडू फुटलं. त्या घरात येऊन वर्ष होत आलं होतं, आणि माझ्या आईबद्दल मला कोणी पहिल्यांदाच काही विचारत होतं.

मामाजींनी मला रडू दिलं. मग नाक शिंकरलं आणि एकदम उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "म्हणजे माह्यं फाटक बरोबर आहे. टेसन चुकलं! हे पोरगी आपलं टेसन शोधून राहिली घरभर, अन् आपण नुसते फाटकं लावून राहिलो!"

संत्र्याच्या पेट्यांना सौंसरात काय तोटा! अर्ध्या तासात पेटी आली, खिळे ठोकून झाले, पेटी आईच्या मशीनखाली सरकवली. अडलं ते चिंध्यांवर. माझ्याकडे एकही नव्हती. तेवढ्यात मागे टर्रर्र आवाज झाला. सासूबाई दारात उभ्या होत्या, आमचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं आपलं जुनं लुगडं त्या दोन्ही हातांनी फाडत होत्या. "घे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अन् तरी बी ढिगात गेली ना, तं पाह्य."

चिंधी आली. तिनं पेटी आधी हुंगली, चारी बाजूंनी. मामाजींनी मला कोपर मारलं. "पाह्य, पाह्य! पहिले हुंगून राहिली. हुशार आहे." मग ती आत शिरली, दोनदा गोल फिरली आणि बसली. परवाची बस रामाकोन्याला आमच्या माणसाशिवाय गेली. त्या हंगामात व्यापाऱ्यानं ढिगात हात घातला, नाकाशी नेला आणि बसून चहा मागितला.

याचं श्रेय मामाजींनी पेटीला दिलं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही मामाजींना ओळखलंच नाही. "फाटकानं तिले विचार कराले लावला," असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. फाटक तर त्यांनी काढलंच नाही. त्यात आणखी सुधारणा करण्याचा त्यांचा बेत वर्षानुवर्षं चालू होता. पुढे कधीतरी बल्ब उडाला, नवा आणायचा राहिला, साबणदाणीतल्या डोळ्यावर धूळ बसली. चिंधीही म्हातारी होऊन त्याच पेटीत गेली. पण आमचे पाय उचलले जायचेच. माझा मुलगा चालायला शिकला तो त्या दारात गुडघा छातीपर्यंत नेऊनच, आणि शेजारच्या घरी गेला तरी तिथल्या दारात पाय उचलायचा.

मामाजी गेले तेव्हा संत्र्याचे दिवस होते. आठवडाभरच आजारी होते. कापूस विकून झाला होता, म्हणून त्यांची खाट मधल्या खोलीत टाकली होती. आदल्या दिवशी डॉक्टर हळू आवाजात माझ्या नवऱ्याला काही सांगत होते, तर खाटेवरून आवाज आला, "काय होत नाही म्हणून राहिले ते?" मी त्यांच्याजवळ बसून होते. मला म्हणायचं होतं, मामाजी, तुम्ही माझी आई मला परत आणून दिलीत. मी नुसती पाय चेपत राहिले. ते मला म्हणाले, "फाटकाचा बल्ब आण वं बाई. बरा झालो का लावून देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बाहेर काढलं. पुढे माझा नवरा, मागे गल्लीतली माणसं, हातांवर मामाजी. ते दारापाशी आले. आम्ही बायका चुलीकडच्या बाजूला भिंतीशी उभ्या होतो. सासूबाईंच्या डोळ्यांत तोवर पाणी नव्हतं. पहिल्या माणसाचं पाऊल उंबऱ्याशी आलं आणि त्या एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "पाय उचला रे, फाटक लागलं आहे."

आणि सगळ्यांनी उचलले.